वणवा गेल्यावर घर का जळते?

(मुळशी, मावळ व भोर या भागांतून पोटासाठी येऊन येरवड्यास राहिलेल्या मंडळींच्या सभेत एका खेडेगावच्या शिक्षकाने केलेले हे भाषण श्रोत्यांच्या आग्रहावरून छापीत आहोत.)



मी वक्ता नव्हे. मराठी अध्यापक विद्यालयातून निघालेला आणि वीस वर्षे डोंगरकपारीच्या शाळांत पोरांना धुळाक्षरे गिरवावयास लावणारा मास्तर आहे. आपण मला येथे बोलाविलेत, तेव्हा मी विचारले की कशावर बोलू? एक गृहस्थ म्हणाले, "मास्तर, शिक्षणाचं महत्त्व सांगा." मी त्यांना म्हटले, ते तुम्हांला ठाऊक आहे, नसते तर हातगाडी ओढून पोरांच्या फिया भरल्या नसत्या. मी आज घराविषयी बोलणार आहे. आपण येथे येरवड्यात राहता, परंतु तुमच्यापैकी निम्म्यांचे म्हातारे आईबाप गावच्या घरी, डोंगराच्या पायथ्याशी आहेत. शिमग्याला तुम्ही गावी जाल. त्या चार दिवसांत करावयाचे एक काम मी तुम्हांस सांगण्यास आलो आहे.

आधी एक हकिगत सांगतो, कारण ती माझ्या घरची आहे.

माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, घर मुळशी खोऱ्यात आहे. गावाचे नाव सांगत नाही. त्या खोऱ्यातले कोणतेही गाव समजा. १९२१ साली ज्या धरणासाठी मावळ्यांनी सत्याग्रह केला ते धरण शेवटी झालेच. खालची भातखाचरे पाण्यात गेली आणि कित्येकांची घरे वर डोंगराच्या अंगावर चढली. आक्काच्या सासरचे घर असेच चढलेले. कुडाच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी, डाव्या अंगाला गोठा. चार वर्षांपूर्वी मार्च महिन्यात दुपारी वरच्या रानाला वणवा लागला. गावची माणसे हिरव्या फांद्या घेऊन धावली, आणि तीन खाचरे अलीकडे त्यांनी तो झोडपून विझविला. पाच वाजता सगळे खाली आले. आक्काने सर्वांना चहा केला. दाजी म्हणाले, "वाचलो." मीही तेथेच होतो, मीही म्हणालो, वाचलो.

सात वाजता घर पेटले.

वणवा विझून दोन तास झाले होते. पडवीच्या कोपऱ्यात तुसाची, म्हणजे भात भरडल्यावर राहणाऱ्या फोलांची, दोन पोती टेकून ठेवली होती. दुपारी वाऱ्याबरोबर उडालेली एक ठिणगी त्यांवर पडली असावी. तूस ज्वाळा करीत नाही, आतल्या आत धुमसते. दोन तास ते धुमसले, पोते जळाले, पोत्यावरून आग कुडाला लागली, कुडावरून वाशांना. गुरे दावी कापून सोडविली. एक वासरू राहिले. बियाण्याची कणगी गेली. भाचीची दहावीची वही-पुस्तके गेली, आणि परीक्षा आठ दिवसांवर होती. माणसे वाचली, एवढेच नशीब.

आता ऐका. आक्काच्या घरापासून वीस पावलांवर एका म्हातारीचे घर होते, त्याहून जुने, त्याहून मोडके. त्या घरावरही ठिणग्या पडल्याच असतील. वारा काही दोन घरांत दुजाभाव करीत नाही. पण ते घर उभे राहिले. का? म्हातारीकडे दुसऱ्या दिवशी काही कार्य होते, म्हणून तिने सकाळीच पडवी झाडून, अंगण सारवून, सगळी अडगळ मागच्या खाचरात नेऊन टाकली होती. ठिणगी पडली ती ओल्या शेणावर पडली आणि मेली.

गावात लगेच बोलबाला झाला की म्हातारीचा देव पावला आणि आक्काकडे काही दोष होता. शांत करावी असेही एकाने सुचविले आणि खर्चाचा आकडाही सांगितला. त्या आकड्यात अर्ध्या घराची कौले आली असती. दाजींनी कौले आणली.

मी मात्र लाजलो. इंधन, हवा आणि उष्णता ही तीन एकत्र आली की आग लागते, त्यांतले एक काढून घेतले की विझते, हा धडा मी वर्षानुवर्षे फळ्यावर त्रिकोण काढून शिकवीत आलो. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या पडवीत दोन पोती इंधन उघडे पडलेले मला चहा पिताना दिसत होते. पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचले, जुन्या गवंड्यांना विचारले, आणि जे समजले ते आज सांगतो.

पहिली गोष्ट ही की वणवा घराला तीन वाटांनी खातो. एक, ज्वाळा येऊन भिडते. दोन, ज्वाळेची धग लांबून लाकूड तापवते. तीन, ठिणग्या व जळते पान वाऱ्याबरोबर उडून येतात. आपण घाबरतो पहिल्या वाटेला. परंतु अमेरिकेत जॅक कोहेन नावाच्या वनखात्याच्या शास्त्रज्ञाने जन्मभर जळलेली घरे तपासली. १९९७ नंतर कॅनडाच्या उत्तरेकडील जंगलात मुद्दाम आगी लावून जे प्रयोग झाले, त्यांत त्याने लाकडी भिंती उभ्या केल्या. दहा मीटरवरच्या भिंतींपैकी काही पेटल्या. वीस मीटरवरच्या पेटल्या नाहीत. आणि ते जंगल आपल्या कुसळी गवतासारखे नव्हे, उंच झाडांच्या शेंड्यांतून आग धावणारे! म्हणजे धगीची भीती थोड्या अंतराने संपते. ठिणगीची संपत नाही. ती दूरवरून येते. २०१८ साली नोव्हेंबरात कॅलिफोर्नियातले पॅराडाइज नावाचे गाव जळाले, पंच्याऐंशी माणसे गेली. त्या राखेचे फोटो पाहा: घर जमीनदोस्त आणि शेजारचे झाड हिरवे. झाडाला न जाळणारी आग घराला कशी जाळते? ठिणगी घरात शिरते आणि घर आतून जळते. श्रीमंत देशातले, पैसा ओतून बांधलेले घर असे जळते, आणि म्हातारीचे सारवलेले घर राहते.

म्हणून आपले काम सोपे झाले. ज्वाळेचा लोंढा अडविणे गरिबाच्या हातात नाही. ठिणगीला बसावयास कोरडी जागा न देणे हे त्याच्या हातात आहे, आणि त्यातले पहिले काम फुकट आहे.

ते पहिले काम असे. घराच्या भिंतीपासून चारी बाजूंना पाच फूट, म्हणजे सुमारे साडेतीन हात, जागा नागडी ठेवावयाची. नागडी म्हणजे अगदी नागडी: माती, दगड, सारवण, फरशी, काहीही चालेल, जळणारे काही नको. सरपण नको, गोवऱ्या नकोत, तुसाचे पोते नको, जुनी खाट नको, पोरांची सायकल नको, वाळलेली तुळसदेखील नको. हिरवी असू द्या. मी हे सांगतो तेव्हा बायका हसतात. म्हणतात, "मास्तर, मग सरपण ठेवू कुठं? डोक्यावर?" प्रश्न खरा आहे. पावसाळ्यात सरपण पडवीतच पाहिजे, त्याला इलाज नाही. पण वणवा पावसाळ्यात लागत नाही. आपल्याकडे वनखाते आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत धरते. त्या चार महिन्यांत सरपण पंधरा-वीस पावले लांब उघड्यावर राहिले तर भिजणार नाही. मृगाआधी पुन्हा पडवीत आणा. कष्ट आहेत, आणि ते बहुधा बाईच्याच माथी पडतात, हेही मला माहीत आहे. म्हणून शिमग्याला जाणाऱ्या पुरुषमंडळींना सांगतो, की हे ओझे तुम्ही वाहून मग पुण्याला या.

गोवऱ्यांचा हुडवा आपण पावसासाठी शेणाने लिंपून घेतो. ते उत्तम, लिंपलेला हुडवा सहज पेटत नाही. फक्त त्याची उकरलेली बाजू पुन्हा लिंपीत जा.

आता कुंपण. काटेरी फांद्यांचे कुंपण पुष्कळ ठिकाणी रानाच्या कडेपासून थेट घराच्या कोपऱ्याला येऊन टेकते. ही दिव्याची वातच झाली! रानात एक टोक पेटले की दुसरे टोक तुमच्या कुडाशी. शेवटची पाच-सहा फुटे काटे काढून तेथे दगड रचा, किंवा निवडुंग-शेर लावा. एवढ्यानेही वात तुटते.

कडब्याची किंवा पेंढ्याची गंजी शक्य तर घरापासून शंभर फुटांवर असावी. ज्याची जागाच दोन गुंठे त्याने शंभर फूट कोठून आणावे? त्याने एका मोठ्या गंजीच्या दोन लहान करून दोन बाजूंना ठेवाव्या, भोवती चार हात माती खरडून काढावी, आणि एक गोष्ट कधीही करू नये: उतारावरच्या घराच्या खालच्या अंगाला गंजी रचू नये. आग चढावर धावते. उतार दहा अंशांनी वाढला की तिचा वेग जवळजवळ दुप्पट होतो असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. खाली पेटलेली गंजी वरचे घर भाजून काढील. गवत कापण्याचेही तेच. घराच्या वरच्या अंगाला कमी कापले तरी चालेल, खालच्या अंगाला दुप्पट कापा.

झाडे मात्र तोडू नका. हे मी मुद्दाम सांगतो, कारण अर्धवट ऐकून कोणीतरी दारचा आंबा तोडील. हिरवा आंबा ठिणग्या अडवितो. त्याचा पाचोळा रोज झाडावा आणि जमिनीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्या, म्हणजे झाले. बांबूचे बेट असेल तर त्याखालचा पाला हा बारूद आहे, तेवढा काढा.

आता छपराकडे येऊ. येथे थोडा वेळ घेणार आहे, कारण घर जळते ते वरूनच.

ज्यांचे छप्पर अजून गवताचे किंवा पेंढ्याचे आहे त्यांना लोक सरळ सांगतात की स्लॅब टाका. सांगणाऱ्याचे काय जाते? २०१६ साली बिहारात उन्हाळ्यात गावेच्या गावे जळू लागली, तेव्हा तेथल्या सरकारने लोकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चूल पेटवू नका असे सांगितले. हेतू चांगला, पण छप्पर तसेच राहिले आणि भूक मात्र वेळापत्रकाने लागावी अशी अपेक्षा! छपराचाच काही उपाय पाहिजे, आणि तो आहे. मातीच्या घरांसाठी जी भारतीय मानके आहेत त्यांत पाण्याला आणि आगीला दाद न देणाऱ्या मातीच्या गिलाव्याचे प्रमाण दिले आहे. ते असे: डांबर, ८०/१०० प्रतीचे, दीड किलो, मेण पंधरा ग्रॅम, रॉकेल तीनशे मिलिलिटर. डांबर आणि मेण एकत्र वितळवावयाचे, आणि ते मिश्रण रॉकेल असलेल्या भांड्यात सतत ढवळीत ओतावयाचे. हे झालेले सुमारे १.८ किलो मिश्रण तीस लिटर भिजविलेल्या मातीच्या चिखलात कालवावे. ठिणगी गवताला लागते, मातीला नाही. आणि डांबर असल्यामुळे ती माती पहिल्या पावसात वाहून जात नाही. हा गिलावा गवती छपराला वरून आणि खालून, दोन्ही अंगांनी, बोटभर जाडीने द्यावा.

दोन इशारे. डांबर चुलीवरून उतरवून, चुलीपासून लांब नेऊन मग रॉकेलात ओतावे. उलट केले, किंवा विस्तवाशेजारी केले, तर घर वाचविताना माणूस भाजेल. हे काम पोरांना देऊ नये. दुसरा इशारा, छप्पर जड होते. आढे आणि वासे किडलेले असतील तर आधी ते बदला. आणि दर वर्षी पावसाळा सरला की भेगा बुजवा. नाहीतर भेगेतून ठिणगी आत जाईल आणि वरून मातीचे झाकण असल्यामुळे तुम्हांस दिसणारही नाही.

कौलारू घरवाले म्हणतील, आमचे कौल भाजलेल्या मातीचे, त्याला आग काय करणार? कौलाला काही करणार नाही. मंगलोरी कौलाचा पहिला कारखाना १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास काढला, तेव्हापासून त्या कौलाने पुष्कळ गावे आगीपासून राखली हे खरे. पण कौलाखाली काय आहे? जुन्या गवताचा थर, चटई, चिमण्यांची घरटी, उंदरांनी ओढून नेलेल्या चिंध्या. सरकलेल्या कौलाच्या फटीतून ठिणगी तेथे जाते. आपण कौले चाळतो वैशाखात, पावसाच्या तोंडावर. वणवा त्याआधी येऊन गेलेला असतो! माझे म्हणणे एवढेच की कौले चाळण्याचे काम माघातच उरका. मजुरी तीच, माणूस तोच, पाऊस आणि आग दोन्ही एका खर्चात. पन्हळीतला पाचोळा त्याच वेळी काढा. कडेची नळीची कौले उघड्या तोंडाची असतात. ती तोंडे चुन्यात कालवलेल्या मातीने बुजवा.

पत्र्याचेही तसेच. नालीदार पत्रा भिंतीवर टेकतो तेथे प्रत्येक नालीखाली एक बीळ राहते. दहा फूट भिंतीवर किती बिळे होतात ती मोजून पाहा. प्रत्येकात चिखल-सिमेंटचा गोळा ठासून बसवा. काम एका सकाळचे. सिमेंटचा पत्रा आगीत तडकतो आणि त्याचे तुकडे उडतात, म्हणून तसल्या पत्र्याखाली उभे राहून आग विझवू नये.

छपरानंतर झरोके. धूर निघावयास वाट पाहिजेच, ती बुजवू नका. तिला लोखंडी तारेची बारीक जाळी लावा. ऑस्ट्रेलियात वणव्याच्या मुलखात घरे बांधण्याचे जे नियम आहेत त्यांत जाळीचे भोक दोन मिलिमीटरपेक्षा मोठे चालत नाही. तुम्हांला मिलिमीटर कशाला पाहिजे? मोहरीचा दाणा जेमतेम निघेल एवढे भोक, हे माप लक्षात ठेवा. नायलॉनची मच्छरजाळी घेऊ नका. ती धगीने वितळते. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी घेऊ नका. तिच्यातून ठिणगीच काय, ठिणगीची आईदेखील जाईल. खर्च एका कोंबडीच्या किमतीचा आहे. चुलीच्या काजळीने जाळी भरते; पंधरा दिवसांनी झटकावी लागते.

कुडाच्या भिंतीविषयी थोडेच. कारवीचा कूड उघडा असेल तर तो गवतासारखा पेटतो; आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेला, भेगा नसलेला कूड चांगला तग धरतो. हे आपल्या आज्या जाणत होत्या. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते आणि मग वाळते. त्या वर्षी रानात वाळलेल्या काटक्यांची रास होते, तेव्हा जास्त जपा.

एक गोष्ट मला अलीकडे फार दिसते. घरकुल योजनेत चांगले विटांचे पक्के घर मिळते, आणि मालक हौसेने त्याच्या पुढे हिरव्या शेडनेटची पडवी काढतो, मागे प्लॅस्टिकचा कागद टाकून न्हाणी करतो. पक्क्या घराला कच्चे शेपूट! शेडनेट पेटते आणि जळते थेंब गाळते. सावली पाहिजे तर पत्र्याची काढा, नाहीतर मांडवावर दोडक्याचा वेल चढवा.

आता प्रत्यक्ष वणवा आला तर. वीज जाते, मोटार चालत नाही, नळाला पाणी येत नाही. म्हणून होळीपासून मृगापर्यंत दाराशी पाण्याचे एक पिंप भरलेले असावे, शेजारी चार गोणपाटे. फवारणीचा पाठीवरचा पंप जवळजवळ प्रत्येक वस्तीत आहे. तो औषध धुऊन स्वच्छ पाण्याने भरून ठेवा. पडवीतली ठिणगी, वाशातली ठिणगी त्याने जशी विझते तशी बादलीने विझत नाही, कारण धार जागेवर जाते. गोठ्यात दाव्यांना सरकगाठ मारा आणि दाराला एक विळा टांगून ठेवा. म्हाताऱ्या माणसांना आधी नांगरलेल्या शेतात किंवा ओढ्याच्या वाळूत नेऊन बसवा, मग घराचे पाहा. आणि वणवा गेल्यावर चहा पिऊ नका! चहा मागाहून. आधी प्रत्येक कोपरा, पोती, गंजीची खालची कड, वळचण हाताने चाचपा. गरम लागले की पाणी मारा. हे रात्री झोपेपर्यंत पाच-सहा वेळा करा. आक्काच्या घरी आम्ही हे एकदा केले असते तर मी आज येथे शिक्षणाचे महत्त्व सांगत असतो.

वनखात्याचा फुकट फोन १९२६ आहे, अग्निशमन दलाचा १०१. घर जळालेच तर राख उपसण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या.

वणवा लावतो कोण, हेही बोलले पाहिजे. सहलीला येणारे शहरी लोक लावतात, विडी फेकणारे लावतात, हे खरे. पण आपणही लावतो. राब भाजताना चारी कडा साफ न करता, भर दुपारी काडी ओढणारे आपलेच भाऊ असतात. राब भाजावयाचा तर पहाटे, वारा पडलेला असताना, कडेने दोन हात माती खरडून, आणि शेवटचा निखारा विझेपर्यंत माणूस उभा ठेवून. नवे गवत लवकर फुटते म्हणून डोंगर पेटविणाऱ्यांना माझे म्हणणे आहे की दोन आठवड्यांच्या कोंबासाठी बी, रोपे आणि मातीची साय जाते. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाही आहे. आता कोणी म्हणेल, जंगल आमचे राहिले कोठे? जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्यातही जंगलखात्याने गायराने बळकावल्याची तक्रार आहे. ती तक्रार मी खोटी म्हणत नाही. पण रान कोणाचेही असले तरी त्याच्या कडेला जळते ते घर आपले आहे.

आणि हे एकट्याने होत नाही. तुमचे अंगण लख्ख आणि शेजाऱ्याच्या दारी पेंढ्याचा डोंगर, तर शेजाऱ्याचे घर हीच तुमच्या घराची चूल. पेरणीला जशी इर्जिक घालतो तशी या कामाची एक दिवस इर्जिक घाला. पाच घरे मिळून एक घर सकाळी, दुसरे दुपारी. विधवा बाईचे घर पहिले घ्या, कारण तिच्याकडे शिडीवर चढणारे कोणी नसते.

शेवटी येथल्याविषयी, कारण आपण बसलो आहोत येरवड्यात आणि येथे डोंगर नाही, गवत नाही. पण ठिणगी आहे. संगमवाडीच्या पुलापलीकडे पाटील इस्टेटची वस्ती २८ नोव्हेंबर २०१८ रोजी पेटली. भर दिवसा, एकामागून एक सिलिंडर फुटले, आणि शेकडो माणसे उघड्यावर आली. तुमच्यापैकी काहींनी तो धूर येथून पाहिला आहे. अशा वस्तीत बंब आत जाण्यास गल्लीच नसते. तेथे घराला घर लागून आहे, म्हणून पाच फूट नागडी जागा ही गोष्ट विसरा. मग उरते काय? छप्पर उरते. पत्र्यावर आपण गळतीसाठी फ्लेक्सचा कागद टाकतो, तो उडू नये म्हणून जुने टायर ठेवतो, जागा मोकळी आहे म्हणून मोडकी गादी ठेवतो. दिवाळीतला एक बाण तेथे येऊन पडला की तुमच्या छपरावर पूर्ण चूल मांडलेली आहे. पावसाळा संपला की फ्लेक्स काढून घडी करून ठेवा, टायराऐवजी विटा किंवा वाळूची पोती ठेवा, गादी भंगारात द्या. रिकामा सिलिंडर आणि भरलेला सिलिंडर एका कोपऱ्यात ठेवू नका; रात्री रेग्युलेटर बंद करा. आणि दोन घरांमधला लाकडी फळ्यांचा पडदा असेल तर तो आधी बदला, गच्चीची फरशी नंतर. अर्धी वीट उंच जाईल तेवढी बरी, छपरापर्यंत गेली तर उत्तम, कारण ती शेजारच्या आगीला थोडा वेळ थोपविते आणि तेवढ्या वेळात पोरे बाहेर पडतात.

हे गरिबाला जमत नाही असे कोणी म्हणू नये. याच येरवड्यात, नेताजीनगर, यशवंतनगर, वडार वस्ती या वस्त्यांत २००९ पासून कच्च्या झोपड्यांच्या जागी, त्याच जागेवर, विटा-काँक्रीटची घरे उभी राहिली. घर अडीचशे-पावणेतीनशे चौरस फुटांचे. बहुतेक पैसा सरकारी योजनेचा, आणि सुमारे दहावा हिस्सा घरवाल्यांचा. महिला मिलनच्या बायका दारोदार फिरल्या, मोजमाप घेतले, गल्ली रुंद करण्यासाठी कोणी किती हात मागे सरावे यावर त्या भांडल्या आणि निकालही त्यांनीच लावले. माझ्या मते घरापेक्षा त्या गल्लीचे मोल अधिक आहे. ज्या गल्लीतून बंब नाही तरी निदान म्हाताऱ्या माणसाची खाट निघते, ती गल्ली. आता त्याच गच्च्यांवर पुन्हा कागद आणि लाकडे चढू लागली आहेत, हे मी येताना पाहिले. ती उतरवा.

माझे बोलणे झाले. टेबलावर मी तीन जाळ्यांचे तुकडे आणले आहेत: एक खुराड्याची, एक नायलॉनची, एक बरोबर मापाची. शेजारी वाटीत मोहरी आहे. जाताना प्रत्येकाने दाणे टाकून पाहावे. शिमग्याला गावी जाताना कोणाला जाळी न्यावयाची असेल तर येत्या रविवारी येथेच भेटा. दहा-बारा घरांची एकदम घेतली तर दुकानदार भाव कमी करील, आणि कापून देण्यास मी कात्री घेऊन येतो.